दर्याच्या हाटेलाचं मागचं अंग

"तुझं गाव कुठलं गं?"

मालकीणबाई जिन्याच्या वळणावर उभ्या होत्या. मी खालच्या पायरीवर गुडघा टेकून टेपचं टोक धरलं होतं. दुसरं टोक वर विलासच्या हातात होतं. विलास म्हणजे आमच्या सांगलीच्या ऑफिसातला दुसरा ड्राफ्ट्समन.

"म्हसवडजवळचं. माण तालुका."

"अगंबाई, म्हसवड. म्हणजे सिद्धनाथ तुमचं कुलदैवत असणार."

त्या हसून बोलत होत्या. मीही हसूनच म्हणाले, "नाही. आम्ही बौद्ध."

त्यांचं हसू तसंच राहिलं. डोळे मात्र माझ्या हातावर आले. हात कठड्यावर होता. बर्मी सागवानाचा कठडा, गुळगुळीत.

"अच्छा. बरं, असं कर. तू मागच्या जिन्यानं वर ये. गैरसमज करून घेऊ नकोस हं. वर आमच्या सासूबाईंचं देवघर आहे. त्यांना चालत नाही."

खाली हॉलमध्ये आमचे साहेब कॅमेरा घेऊन छताचे फोटो काढत होते. ते आर्किटेक्ट. ऑफिस त्यांचं. सगळं ऐकलं त्यांनी. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी कॅमेऱ्यातून डोळा काढला नाही.

"जा ना," ते म्हणाले. "मागचा जिना तसाही मोजायचाच आहे."

विलासनं टेप सोडला. पोलादी पट्टी सरसरत आली आणि माझ्या मुठीवर आदळली. मी टेप तिथंच पायरीवर ठेवला. चपला घातल्या. गेले.

वाईच्या पुढं घाट चढून गेलं की थंड हवेचं गाव लागतं. त्या गावात हे हाटेल. नाव लिहीत नाही. गावातले लोक त्याला दर्याचं हाटेल म्हणायचे. समुद्र तिथून किती तरी लांब. मधे सगळं कोकण. पण पश्चिमेच्या व्हरांड्यात उभं राहिलं आणि हवा स्वच्छ असली तर डोंगरांच्या पलीकडं पाण्याची एक चमकती रेघ दिसते. त्या रेघेसाठी गोऱ्या साहेबानं हाटेल बांधलं. मुंबईचा उन्हाळा सोसत नव्हता त्यांना. समुद्र मात्र पाहिजे होता, नुसता बघायला.

मी हाटेलाला वळसा घालून मागं गेले. स्वयंपाकघराच्या मागं शेवाळलेली फरशी, राखेचा ढीग, आणि भिंतीला चिकटून वर गेलेला लोखंडी जिना. गोल गोल फिरणारा. पायऱ्या एवढ्या अरुंद की अख्खं पाऊल मावेना. समोरच्या जिन्यावर दोन माणसं हातात हात घालून उतरतील. इथं एकटी बाईसुद्धा तिरकी होऊन चढेल. वर एक बोळ होता, खोल्यांच्या पाठीमागून गेलेला. उजेड नाही. बोळात रांगेनं बुटकी दारं. प्रत्येक दार एकेका न्हाणीघरात उघडणारं.

दारं एवढी बुटकी का, ते मला आधी कळलं नाही. वाकून आत गेल्यावर कळलं. वाकूनच जायचं होतं.

माझ्याबद्दल सांगायचं तर फार नाही. आबा फौजेतून हवालदार होऊन रिटायर झाले. गावात पाणी नाही, शेतात कुसळं. आबांचं एकच म्हणणं, पोरीनं हातात कायतरी शिकावं. सांगलीला आयटीआयमध्ये मी ड्राफ्ट्समन झाले. मिरजेला मावशीकडं राहायचे. मावशी एका दवाखान्यात आया होती. मग साहेबांच्या ऑफिसात नोकरी लागली. ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेनानं रेघ मारायची. माझा हात बरा होता. अक्षर सुबक होतं. साहेब म्हणायचे, हिची रेघ श्वास घेत नाही, जरासुद्धा हलत नाही. मला ते कौतुक वाटायचं.

नव्वदच्या दशकात घाटावर पैसेवाली गर्दी वाढायला लागली होती. हाटेलच्या मालकांना जुनी वास्तू नव्यानं सजवायची होती. साहेबांना काम मिळालं. सगळी इमारत मोजायची, जशी आहे तशी कागदावर काढायची, मग नवा प्लॅन. शिवाय एक देखणं पुस्तक करायचं, वास्तूचा इतिहास आणि वास्तुकला. पाहुण्यांना भेट द्यायला.

म्हणून आम्ही तिथं होतो. विलास पुढून मोजायचा, मी मागून.

पुढून ते हाटेल खरंच देखणं होतं, खोटं का बोलू. जांभ्या दगडाच्या जाड भिंती. मंगलोरी कौलं. पागोळीच्या फळ्यांना लेस कापावी तसं कोरीवकाम. घोडागाडी थेट दारात यावी म्हणून पुढं काढलेला मंडप. नाचायचा मोठा हॉल, त्याची लाकडी जमीन खालून पोकळ ठेवलेली, म्हणजे पाय ठेवला की उचलल्यासारखं वाटावं. हे मी विलासच्या मोजमापावरून कागदावर काढलं. त्या जमिनीवर पाय ठेवून बघितला नाही. त्या हॉलला मागून दार नव्हतं.

हळूहळू मला एक दिसायला लागलं. ही एक इमारत नव्हती. दोन होत्या, एकमेकींच्या पाठीला पाठ लावून. एक रुंद, उजेडाची. दुसरी अरुंद, अंधाराची. आणि दोन्हींच्या मधली भिंत मुद्दाम अशी फिरवलेली, की पुढच्या माणसाला मागचं माणूस जन्मात दिसू नये. त्याचा मैला जावा, गरम पाणी यावं, बिछाना बदलावा, आणि हे कोण करतं ते कळू नये. ज्यानं हे आखलं तो हुशार होता. आमच्या गावात गावकूस होतं, बौद्धवाडा त्याच्या बाहेर. इथं सात समुद्रांपलीकडून आलेल्या माणसानं तेच गावकूस घराच्या आत बांधलं होतं. तो गेला. मालक बदलले. भिंत कोणी हलवली नाही.

हाटेलाच्या मागं उतारावर एक बैठी चाळ होती. पत्र्याची. तिथं हाटेलात पिढ्यानपिढ्या झाडलोट करणारी घरं राहायची. पहिल्याच दिवशी चाळ मोजायला गेले तर एक म्हातारी उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. जमनाआजी. तिच्या सासऱ्याला गोऱ्या साहेबानं गुजरातकडून आणलं होतं. मेहतर म्हणायचे त्यांना. आता ती आमच्याच मातीतलं बोलत होती.

"काय मोजतीस पोरी?"

"तुमचं घर."

"माझं घर?" ती हसली. "ते कशाला लागतंय कुणाला?"

मी लांबीरुंदी घेतली. ती मधे मधे तांदळातले खडे फेकत बोलत राहिली. मी जिन्याबद्दल विचारलं.

"त्यो जिना आमचाच की. आतनं साखळी वाजली की वर जायाचं. मैल्याचा डबा काढायाचा. साहेब आतच असला तर भिताडाकडं तोंड करून हुबं ऱ्हायाचं. पावसात लोखंड लय निसरडं. माझी थोरली जाव त्याच्यावरनं पडली. डबा अंगावर. पोटुशी हुती."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिशी तिच्या जागी मला लावलं. मी नवी नवरी हुते. हळद गेली नव्हती अंगाची."

तिनं ते तांदळातल्या खड्याइतकंच सहज सांगितलं. मी टेप गुंडाळत बसले.

"दर्या दिसतो का हो आजी, त्या व्हरांड्यातनं?"

"मला काय म्हाईत. सीझनला तिकडं जायाचं न्हाई. पावसाळ्यात जाऊन झाडायचं, तर तवा नुसतं धुकं."

मग ती उठली. चुलीवर चहा टाकला. कप घासला, पुन्हा घासला, पदरानं पुसला. आणि हातात धरून उभी राहिली.

"चालंल का तुला, माझ्या हातचा?"

असं मला कोणी कधी विचारलं नव्हतं. हा प्रश्न आमच्या माणसांनी दुसऱ्याला विचारायचा असतो. माझ्या आजीनं विचारलेला मी ऐकलाय, पाटलाच्या बायकोला, मान खाली घालून. आणि आज ही बाई तो मला विचारत होती. मला वाटायचं आमच्या खाली कोणी नाही. होतं. शिडी तशी बांधलेलीच होती. प्रत्येकाला खाली बघायला एक पायरी ठेवली होती, म्हणजे वर कोणी बघू नये.

मी आत जाऊन तिच्या वाकळेवर बसले. चहा प्याले. दुसरा मागून घेतला.

काम संपवून परत जाताना गाडीत साहेबांनी पुस्तकाचा मजकूर वाचून दाखवला. सज्ज्यातून दिसणारी दर्याची रुपेरी रेघ, सागवानी जिन्याची डौलदार वळणं, गोऱ्या साहेबांच्या मेजवान्या. भाषा गोड होती.

"कसं वाटलं?"

"सर, मागच्या जिन्याचं काहीच नाही."

"लोक सुट्टीला येतात तिथं. त्यांना काय संडासाचा इतिहास सांगू?"

विलास हसला. ड्रायव्हर हसला. पसरणीच्या घाटात गाडी वळणं घेत होती, मी मापांची वही पिशवीत घातली. पण ऑफिसात आल्यावर मी मागचं अंग जसं होतं तसं काढलं. जिना काढला. बोळ काढला. बुटकी दारं काढली. चाळ काढली, एकेक खोली. जिन्यावर लिहिलं, मेहतरांचा जिना. नकाशाच्या खाली लिहिलं, सध्याची स्थिती.

मालकीणबाई आणि त्यांचे यजमान नकाशे बघायला सांगलीला आले. कॉफी आली. नकाशा टेबलावर पसरला. मालकीणबाई वाकून बघत होत्या.

"किती रेखीव काढलंय. कोणी काढलं?"

"आमच्या ऑफिसनं," साहेब म्हणाले.

मी तिथंच होते, पलीकडच्या टेबलावर.

मग त्यांचं नख मागच्या बाजूला गेलं. "आणि हे काय? हे कशाला दाखवायचं?"

यजमान पहिल्यांदाच बोलले. "चाळ दाखवली तर परवानगी अडकेल. राहणाऱ्यांना आधी जागा द्या म्हणतील. तिथं आपल्याला पोहण्याचा तलाव करायचाय."

साहेबांनी मला हाक मारली. ट्रेसिंगवर शाईनं काढलेलं पुसता येत नाही. ब्लेडचा तुकडा घेऊन वरवर खरवडावं लागतं, हलक्या हातानं, नाहीतर कागद फाटतो. ऑफिसात ते मला सगळ्यांत चांगलं जमायचं. साहेबांनी अर्धं ब्लेड माझ्या हातात दिलं.

"एवढं खरवड. जिन्यावरचं नाव काढ. चाळ काढ. तिथं झाडं दाखव."

"सर, तिथं माणसं राहतात."

"मला माहितीये."

"मग झाडं कशी काढू?"

"पुढच्या सीझनला ती तिथं नसणारच आहेत. तू थोडं आधी दाखवतेयस, इतकंच."

"खाली सध्याची स्थिती लिहिलंय, सर. माझ्या अक्षरात."

मालकीणबाईंनी कॉफीचा कप खाली ठेवला. माझ्याकडं न बघता त्यांनी साहेबांना विचारलं, "हिला एवढं काय त्याचं? नात्यातले आहेत का हिच्या?"

साहेब हसले. "तसं नाही हो. पण यांचं आपलं एक असतं."

यांचं.

ऑफिसात मी कधी गावचं बोलले नव्हते. सांगलीत आल्या आल्या ती भाषा मी खोलीच्या बाहेर काढून ठेवली होती, चपलेसारखी. व्हयऐवजी होय म्हणायला शिकले होते, न्हाईऐवजी नाही म्हणायला शिकले होते. त्या क्षणी माझ्या तोंडातून जे आलं ते मी ठरवून बोलले नाही.

"व्हय. नात्यातली हायत."

साहेब बघतच राहिले.

"त्या म्हातारीच्या हातचा च्या प्यालीया मी. ती झाड न्हाई. आन् मी ह्ये खरवडणार न्हाई. तवा तुमी जिन्यावरनं मला मागं धाडलंसा, मी गेले. आता न्हाई जायाची."

पंखा फिरत होता. यजमान खिडकीबाहेर बघत होते. मालकीणबाई म्हणाल्या, "चला, आपण नंतर येऊ," आणि पर्स शोधायला लागल्या.

"ब्लेड ठेव," साहेब हळू आवाजात म्हणाले. "आणि घरी जा. उद्यापासून येऊ नकोस."

मी ब्लेड टेबलावर ठेवलं. माझं पेन आणि स्केल पिशवीत घातली.

विलास माझ्यामागं रस्त्यापर्यंत आला.

"मी झाडं काढली नाहीत तर मलाही घालवतील. आईची ट्रीटमेंट चालू आहे मिरजेला. तुला माहितीये."

"माहितीये."

"मग मी काय करू?"

त्याला माझी परवानगी पाहिजे होती. ती माझ्याकडं नव्हती.

त्यानं झाडं काढली. छान काढली असणार, झाडं त्याला चांगली यायची.

मावशीनं दोन दिवस तोंड फिरवलं. मग भाकरी थापता थापता बोलली.

"पंख्याखाली बसायची नोकरी हुती. लाथाडलीस. आन् कुणासाठी, तर मेहतरांसाठी. आपल्या मान्सासाठी तरी लाथाडायची."

"मावशी, दवाखान्यात बेडपॅन कोण काढतं?"

तिचा हात परातीत थांबला. मग पुन्हा थापायला लागली, जोरात.

आबा म्हसवडच्या एसटीनं आले. बाजेवर बसले. पाणी प्याले.

"फौजंत आमाला एकच शिकवलं. हुकूम आला की करायचं. तुला ह्ये कुठनं आलं?"

"तुमी कवा न्हाई म्हणला न्हाईसा का, आबा?"

आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. कितीतरी वेळ तिच्या घडीवर बोट फिरवत राहिले. संध्याकाळच्या गाडीनं परत गेले.

मी घाटावर गेले. जमनाआजीला आणि चाळीतल्या चार माणसांना घेऊन बांधकामाची परवानगी देणाऱ्या तिथल्या कचेरीत गेले. तिथल्या अधिकाऱ्यानं नकाशा काढून टेबलावर टाकला. माझीच रेघ. माझंच अक्षर. मधे चाळीच्या जागी झाडं म्हणून काढलेले गोल गोल.

"इथं तर झाडं आहेत."

"साहेब, इथं चाळ आहे. मी स्वतः मोजलीय. इथून चालत गेलात तर दिसेल."

"तुम्ही आर्किटेक्ट?"

"ड्राफ्ट्समन."

"मग तुमचं मोजलेलं कसं धरायचं? सही आर्किटेक्टची आहे."

माणूस उद्धट नव्हता. मला खुर्चीही दिली होती. जमनाआजी दारातच उभी होती, तिला आत ये म्हणायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिथूनच ती म्हणाली, "मग साहेब, मी कोण? झाड का?"

शिपाई हसला. अधिकारीही हसला. चांगला विनोद झाल्यासारखं.

सीझन सुरू व्हायच्या आधी चाळ पाडली. सामान टेम्पोत भरून माणसं वाईला उतरवली. मी गेले तेव्हा जमनाआजी नदीकडच्या एका पत्र्याच्या आडोशाला बसली होती. गुडघ्यावर वाकळ. मला बघून ओळखीचं हसली.

"तू आलीस, ते बरं केलंस. पन काय झालं न्हाई बघ."

खरं होतं. काही झालं नाही.

पुस्तक निघालं. गुळगुळीत कागद. एका पानावर माझा नकाशा, झाडांसकट. खाली साहेबांचं नाव. पुढं कधीतरी विलास मिरजेच्या बाजारात भेटला. त्यानं सांगितलं की तो लोखंडी जिना भंगारात घातला नाही. कापून बागेत उभा केलाय. पांढरा रंग दिलाय. पायरी-पायरीवर फुलांच्या कुंड्या ठेवल्यात. पाहुणे त्याच्यापाशी उभे राहून फोटो काढतात. जुन्या काळची कलाकुसर म्हणून.

मला उलटी आली. खरोखरची. भाजीच्या दुकानाशेजारी, गटारीच्या कडेला. विलास पाणी आणायला पळाला. मी तोंड पुसलं आणि त्या दिवशी माझ्या डोक्यातलं एक कायमचं ठरलं.

मला माझ्या चांगल्या हाताचा अभिमान होता. तो हात दुसऱ्याच्या नावावर चालत होता. ज्याची सही चालते तो माणसाचं झाड करतो, आणि ज्याची चालत नाही तो खरं बोलला तरी त्याचं हसं होतं. मग सही पाहिजे. मी दिवसा मिरजेत घरबांधणीचे नकाशे काढून देते, कोणाच्या हाताखाली नाही, आणि उरलेल्या वेळात सहीचा परवाना मिळवून देणाऱ्या परीक्षांचा अभ्यास करते. मावशी म्हणते वय गेलं. जाऊ दे.

आणि रविवारी मी वस्त्यांत जाते. रेल्वेच्या बाजूची, नदीकाठची, गावाबाहेरची. ज्यांचा नकाशा कुठल्याच कचेरीत नाही, ती घरं मोजते. दार किती, न्हाणी कुठं, चूल कुठल्या कोपऱ्यात. प्रत्येक खोलीत राहणाऱ्या माणसांची नावं त्या खोलीच्या आत लिहिते, पूर्ण नावं, आडनावासकट. कोणी विचारतं, हे कशाला लागतंय? मी सांगते, उद्या कोणी म्हणालं इथं कोणी नव्हतं, तर लागेल.

खाली माझी सही करते. अजून ती चालत नाही. मी करते. जिचं घर तिच्याकडून अंगठा घेते. हे कागद मी कोणाला खोडू देणार नाही. साहेबाला नाही, मालकाला नाही, कचेरीला नाही. गोड बोलून मागितले तर नाही, आणि धाक घालून मागितले तर मुळीच नाही.